मदत हवी आहे: डेटा लॉगरचा ५ व्होल्ट सेन्सर सप्लाय कसा वाचवायचा?

नमस्कार मंडळी. गाडीतल्या डेटा लॉगरमधून (सेन्सरची रीडिंग्ज नोंदवणारं उपकरण) प्रेशर सेन्सरला ५ व्होल्ट जातात. काल इंजिनजवळ ती वायर घासून उघडी पडली, १२ व्होल्टच्या वायरला टेकली आणि लॉगरचा रेग्युलेटर (व्होल्टेज ५ वर स्थिर ठेवणारी आयसी) गेला. त्या आयसीवर बारीक फोड आलाय.

नव्या बोर्डात त्या लाइनवर पॉलिफ्यूज (जास्त करंटला तापून लाइन अडवणारा, थंड झाल्यावर पुन्हा चालू होणारा फ्यूज) आणि टीव्हीएस डायोड (जादा व्होल्टेज दाबून धरणारा) टाकायचा विचार आहे. पण पॉलिफ्यूज तापून ट्रिप व्हायला वेळ लागतो, आणि ५ व्होल्टचा टीव्हीएस मोठ्या करंटला ९ व्होल्टपर्यंत चढू देतो. तेवढ्यात रेग्युलेटर टिकेल का? शिवाय पॉलिफ्यूजवर थोडा व्होल्टेज ड्रॉप होणारच. सेन्सर रेशोमेट्रिक आहे (आउटपुट सप्लायच्या प्रमाणात बदलतं), म्हणजे रीडिंगही तेवढंच खाली येणार, आणि मला ते अजिबात चालणार नाही.

आउटपुट बॅटरीला शॉर्ट झालं तरी टिकणारा ट्रॅकिंग रेग्युलेटर (दिलेल्या रेफरन्स व्होल्टेजइतकंच आउटपुट ठेवणारा) कुणी वापरलाय का?