'अनकल्चरेबल' जिवाणूंना मराठीत काय म्हणावं?

निळीशाई: एका लेखाचं भाषांतर करतेय. 'अनकल्चरेबल'ला, म्हणजे प्रयोगशाळेतल्या पोषक माध्यमावर वाढवता न येणाऱ्या जिवाणूंना, मी 'असंवर्धनीय' लिहिलं, तपासणाऱ्यांनी ते खोडून 'न वाढणारे' केलं. पण हे जिवाणू वाढतातच की! कुष्ठरोगाचा जिवाणू कृत्रिम माध्यमावर आजही वाढत नाही, उंदराच्या तळपायात मात्र वाढतो, आर्माडिलोतही वाढतो. मग काय लिहू?

आगरप्लेट: 'असंवर्धित' लिहा. '-नीय' लावलं की कायमचा निकाल लागतो. उपदंशाच्या ट्रेपोनेमा या जिवाणूने शतकभर दाद दिली नव्हती. 2018 साली सशाच्या पेशींच्या सोबतीने तो प्रयोगशाळेत सलग वाढवता आला. जे अजून जमलं नाही, त्याला अशक्य का म्हणायचं?

कोशप्रेमी: मुळात 'संवर्धन'च चुकीचं. वनसंवर्धन म्हणजे वनांचं जतन. रोगजंतूंचं कसलं जतन करताय?

आगरप्लेट: सं + वृध्, म्हणजे नीट वाढवणं. जतनाचा अर्थ नंतर चिकटला. आणि लॅबमध्ये सगळे 'ग्रोथ आली का?' असंच विचारतात.

कोशप्रेमी: लॅबमध्ये बोलतात ते सगळं छापायचं का?

सायंतारा: जोडप्रश्न. 'फास्टिडियस'ला, म्हणजे ठरावीक पोषक घटकांशिवाय न वाढणाऱ्या जिवाणूंना, मी 'चोखंदळ' म्हणते. हिमोफिलस इन्फ्लुएंझा या जिवाणूला वाढीसाठी एक्स आणि व्ही नावाचे दोन्ही घटक लागतात. मेंढीचं रक्त घातलेल्या आगरवर (जिवाणू वाढवायच्या थिजलेल्या माध्यमावर) तो एकटा येत नाही, पण मधोमध स्टॅफिलोकॉकस ऑरियस या दुसऱ्या जिवाणूची रेघ ओढली की दुसऱ्या दिवशी त्या रेघेला लागूनच दवबिंदूंसारख्या बारीक वसाहती दिसतात. स्टॅफ व्ही घटक पुरवतो म्हणून. लांब गेलात की प्लेट कोरी!

निळीशाई: सुरेख! पण चोखंदळ माणूस चारांतून एक निवडतो. इथे निवड कुठे आहे, ही तर गरज आहे.

सायंतारा: 'चोख' संस्कृत 'चोक्ष'वरून आला, अर्थ शुद्ध. हवं तेच हवं, दुसरं चालणार नाही, हा भाव मला त्यात ऐकू येतो.

कोशप्रेमी: 'दुःसंवर्ध्य', म्हणजे वाढवायला कठीण, हा नेमका शब्द आहे.

आगरप्लेट: विद्यार्थ्यांसमोर उच्चारून बघा. शिवाय क्षयाचा जिवाणूही त्यात येईल. त्याला अंड्याचं माध्यम चालतं, फक्त आठवडे लागतात. मंद आणि चोखंदळ यांत फरक ठेवायला हवा.

कोशप्रेमी: फरकाचंच म्हणता, तर तुम्ही सगळे 'जिवाणू' ऱ्हस्व का लिहिताय? जीव + अणु, म्हणजे 'जीवाणू'.

सायंतारा: 'जिवाचा', 'जिवाला' लिहितोच ना आपण? रुळलेलं रूप आहे ते.

कोशप्रेमी: ती सामान्यरूपं झाली. समासात 'जीव' दीर्घच राहतो. 'जीवशास्त्र' कसं लिहिता?