मदत हवी आहे: तूप-दुधाशिवाय खुसखुशीत करंज्या, अदिस अबाबात

जय ख्रिस्त सर्वांना. आमच्या चर्चचा सेवागट जानेवारीच्या मध्यापर्यंत इथे, इथिओपियात आहे. इथला नाताळ, म्हणजे गेन्ना, 7 जानेवारीला. त्याआधी 43 दिवस ऑर्थोडॉक्स लोक उपवास धरतात: मांस, दूध, तूप, अंडी बंद. 25 डिसेंबर इथे रोजच्यासारखाच कामाचा दिवस, पण त्या संध्याकाळी वसतिगृहातल्या 60 मुलांना आपला फराळ द्यायचा आहे. बरीच मुलं उपवास पाळतात. त्यांच्यासाठी वेगळं ताट नको. सगळ्यांनी एकच खावं असं मनापासून वाटतं.

करून पाहिलं ते असं: अर्धा किलो मैदा, 100 ग्रॅम बारीक रवा, 6 टेबलस्पून सूर्यफूल तेलाचं कडकडीत मोहन, पाण्यात घट्ट भिजवून अर्धा तास झाकलं. खोबरं मिळालं नाही, म्हणून सारण भाजलेले शेंगदाणे, तीळ आणि पिठीसाखरेचं. कोळशाच्या शेगडीवर मंद तळल्या. तेव्हा खुसखुशीत, दुसऱ्या दिवशी पारी चिवट. सारण कोरडं होतं आणि पूर्ण गार झाल्यावरच डबे भरले होते.

ओव्हन नाही. शहर सुमारे 2,300 मीटर उंचीवर, पाणी 92 अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे पाकाचे प्रकार सुचवू नका. कारळ्याचं तेल इथे भरपूर मिळतं, पण गोडाला त्याचा वास लागेल असं वाटतं.

आता साट्याच्या (पोळ्यांच्या थरांत तूप-कॉर्नफ्लोअरचा लेप लावलेल्या) करंज्या करायच्या आहेत. तुपाऐवजी तेल घेतलं तर कॉर्नफ्लोअरचं प्रमाण किती ठेवायचं, आणि त्या 2 दिवस आधी तळल्या तर कुरकुरीत राहतील का?