जुन्या पेठेतला जुना बार : तुमचे अनुभव

आपल्याकडे दरवाजांवर भरभरून लिहिलं जातं. औरंगाबादचा (आताचं छत्रपती संभाजीनगर) भडकल दरवाजा मलिक अंबरानं १६१२ मध्ये बांधला, हे शाळेतलं पोरगंही सांगेल. त्याच जुन्या शहरातल्या बारांविषयी मात्र कुणी लिहीत नाही, कारण 'तुम्ही तिथं जाता?' हा प्रश्न नको असतो. मला या जागांची नोंद राहावी असं मनापासून वाटतं. बारचं नाव लिहू नका. खोली कशी आहे, कोण बसतं, काय खातात, ते लिहा.

सुरुवात माझ्यापासून. गुलमंडीच्या मागे एका वाड्यात आम्ही बसतो. रस्ता रुंद झाला तेव्हा पुढची ओसरी गेली, त्यामुळे रस्त्यावरून पाऊल टाकलं की थेट माजघरातच. सागवानी खांब तेवढे जुने राहिलेत. खांद्याच्या उंचीला लाकूड काळंभोर, गुळगुळीत झालंय, इतकी माणसं त्याला टेकून उभी राहिलीत. वाढणारे चाचा 'क्या होना?' एवढंच विचारतात आणि नेहमीच्या गिऱ्हाईकाला तेही विचारत नाहीत. उकडलेलं अंडं, मीठ-मिरी आणि कांदा आपसूक येतो. एका टेबलावर वकील, कापड दुकानातला नोकर आणि रिक्षावाला, दखनी आणि मराठी एकाच वाक्यात. हे मला शहरात दुसरीकडे कुठं दिसलं नाही.

लातूर
गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यातल्या एकावरचा बार आडत्यांचा. सौदे संपले की हिशेबाच्या वह्या बगलेत घेऊनच माणसं येतात. वडील सांगायचे, पूर्वी त्याला माळवद होतं : तुळया, वर किलचन (लाकडी पट्ट्या), त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. एप्रिलच्या दुपारीसुद्धा आत गार. मग ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन, त्यामुळे बार बंदच होता. इमारतीला काही झालं नाही, पण खेड्यांत दगडमातीच्या भिंती आणि असलीच जड छपरं अंगावर येऊन माणसं गेली, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. मालकानं माती उतरवली आणि पत्रे टाकले. आता उन्हाळ्यात दुपारी बसवत नाही. तरी त्यानं केलं ते बरोबरच केलं.

२०१६ च्या दुष्काळात, एप्रिलमध्ये, मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, तेव्हा इथल्या टेबलांवरचे पाण्याचे जग उचलले गेले. मागितलं तर अर्धा ग्लास. शेजारच्या माणसानं उठताना उरलेलं घोटभर पाणी सांडलं नाही, बशी झाकून ठेवलं आणि वेटरला खुणेनं दाखवलं.

गुलमंडीवाला (पुन्हा)
त्याच उन्हाळ्यात औरंगाबाद खंडपीठानं मद्य कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात करायला लावली होती. आमच्या टेबलावर त्यावर रोज वाद. वाळूजच्या कारखान्यांत कामाला जाणारे एका बाजूला, गावाकडं ज्यांची मोसंबी वाळत होती ते दुसऱ्या बाजूला. आवाज चढायचे, पण ताट एकच असायचं.

नांदेड
माझा अनुभव वेगळा आहे. आजोबा हैदराबाद मुक्तिसंग्रामात होते. निजामाच्या तिजोरीत आबकारीचा, म्हणजे दारू-शिंदीवरच्या कराचा, पैसा मोठा, म्हणून स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी रानोमाळ शिंदीची झाडं तोडली. आजोबांनीही तोडली. नंतर आयुष्यभर त्यांनी दारूच्या दुकानाची पायरी चढली नाही. इतवाऱ्यातल्या जुन्या बारमध्ये मी मित्रांबरोबर जातो, तेव्हा सोडा घेतो, भाजलेले शेंगदाणे घेतो आणि दोन तास बसतो. कुणी आग्रह करत नाही. म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना त्या दिवसांबद्दल विचारलं की ती खुर्ची जवळ ओढून बोलायला लागतात. शिंदी उतरवणाऱ्यांची पोटं त्या झाडांवर होती, ही बाजू मला घरी कधी ऐकायला मिळाली नव्हती. ती इथं मिळाली.

जालना
आमच्याकडच्या जुन्या बारमध्ये संध्याकाळी सळईच्या कारखान्यातली माणसं असतात. बोलणं कमी, जेवण जास्त. मटणाचा रस्सा आणि ज्वारीची भाकरी, चुलीवरची. मी तेवढ्यासाठीच जातो.

परभणी
बाई म्हणून लिहिते. लहानपणी त्या गल्लीतून जाताना आई हात घट्ट धरायची. गेल्या दिवाळीत नवरा आणि नणंद यांच्यासोबत मी आत गेले. लाकडी पार्टिशनमागं 'फॅमिली' लिहिलेली चार टेबलं आहेत, पण मला बाहेरच्या खोलीत बसायचं होतं. गल्ल्यावरच्या काकांनी एका टेबलवाल्यांना 'जरा सरका, वहिनी आल्यात' म्हटलं, त्यांनी जागा केली आणि परत आपल्या गप्पांत गेले. कुणी वळून पाहिलं नाही. जिना मात्र फार उभा आहे आणि बायकांसाठी स्वच्छतागृह नाही. मालकांना मी तोंडावर सांगितलं. ज्या बहिणींना जायचं असेल त्यांनी दुपारी चारच्या सुमारास जावं, आठवडी बाजाराचा दिवस टाळावा.