कॉमोडोर ६४ वर एक्समोडेमने उतरवलेल्या प्रोग्राम-फाइली ठरावीक जागीच का अडकतात?

निळापडदा (मिसिसागा, कॅनडा)

नमस्कार. इथल्या जुन्या वस्तूंच्या बाजारातून मी एक कॉमोडोर ६४ हा जुना घरगुती संगणक आणि त्याचा १५४१ हा फ्लॉपी ड्राइव्ह घेतला असून दोन्ही उत्तम चालतात. घरात आता टेलिफोनची तार नसल्यामुळे युजर पोर्टवर बसणारा, ईएसपी८२६६ चिपचा वाय-फाय मोडेम लावला आहे. सीसीजीएमएस या टर्मिनल प्रोग्राममध्ये एटीडीटी या आज्ञेपुढे फोन क्रमांकाऐवजी सर्व्हरचा पत्ता दिला की मोडेम जोडणी करतो, आणि आजही चालू असलेल्या काही बुलेटिन बोर्डांवर (मोडेमने जोडून निरोप आणि फाइली देवघेव करण्याच्या संगणकांवर) १२०० बॉडने, म्हणजे सेकंदाला १२०० बिटांच्या वेगाने, व्यवस्थित प्रवेश मिळतो. निरोप वाचणे आणि लिहिणे यांत काहीच अडचण नाही.

अडचण फाइल उतरवून घेताना येते. एक्समोडेम हा फाइली पाठवण्याचा प्रोटोकॉल (ठरलेली पद्धत) वापरला असता छोट्या मजकूर-फाइली आणि बेसिकमधले प्रोग्राम पूर्ण येतात. मशीन लँग्वेजमधले खेळ मात्र मध्येच अडकतात. तोच ब्लॉक पुन्हा पुन्हा मागवला जातो आणि अखेर टर्मिनल प्रोग्राम काम सोडून देतो. वेगवेगळ्या फाइली वेगवेगळ्या जागी अडकतात, पण एखादी फाइल कितीही वेळा मागवली तरी तिची अडकण्याची जागा बदलत नाही. एक मोठी मजकूर-फाइलही अशीच ३२ केबीच्या आसपास थांबली. मोडेम सदोष आहे, की प्रोटोकॉल बदलायला हवा? उपायाइतकेच मला कारणही समजून घ्यायचे आहे.

बाइटमोजणी (पुणे)

आपण लक्षणे इतकी नेमकी नोंदवली आहेत की कारण त्यांतच दडलेले दिसते. तारेवरच्या खरखरीमुळे किंवा ढिल्या जोडणीमुळे बिघडणारी फाइल दर वेळी निराळ्या जागी बिघडते. जागा ठरलेली असेल, तर दोष फाइलीतल्या एखाद्या विशिष्ट बाइटच्या वाट्याला येत आहे असे समजावे.

त्यासाठी एक्समोडेमची रचना पाहू. वॉर्ड क्रिस्टेन्सन यांनी १९७७ मध्ये सीपी/एम या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणाऱ्या यंत्रांसाठी लिहिलेल्या प्रोग्राममधून हा प्रोटोकॉल आला. त्यात फाइलीचे १२८ बाइटांचे तुकडे पाडले जातात. प्रत्येक तुकड्याआधी तीन बाइट जातात: आरंभाची खूण, ब्लॉकचा क्रमांक, आणि तोच क्रमांक २५५ मधून वजा करून येणारी संख्या. शेवटी एका बाइटचा चेकसम, म्हणजे तुकड्यातल्या बाइटांची पडताळणीसाठीची बेरीज, जातो, म्हणजे एकूण १३२ बाइट होतात. घेणाऱ्याने बेरीज जुळवून पाहायची, जुळली तर ६ हा बाइट परत पाठवायचा आणि न जुळल्यास २१ पाठवून तोच ब्लॉक पुन्हा मागवायचा, एवढाच सगळा व्यवहार आहे.

आता आपली जोडणी पाहा. खऱ्या टेलिफोनवर दोन मोडेमांच्या मधे बाइटांचा अर्थ लावणारे कोणी नसे. आपल्या मोडेमच्या आणि बोर्डाच्या मधे मात्र बहुधा टेलनेट हा इंटरनेटवरून दूरच्या संगणकाशी जोडण्याचा प्रोटोकॉल आहे. टेलनेटमध्ये २५५ हा बाइट ‘यापुढे आज्ञा येत आहे’ असे सांगण्यासाठी राखून ठेवलेला असल्यामुळे, तो माहिती म्हणून पाठवायचा झाल्यास लागोपाठ दोनदा पाठवावा लागतो आणि घेणाऱ्या बाजूने त्यातला एक काढून टाकायचा असतो. सर्व्हर नियमाप्रमाणे दोनदा पाठवत आहे, पण आपला मोडेम दुसरा काढत नाही, असा माझा निष्कर्ष आहे. जादा बाइट घुसल्यामुळे पुढचे सारे बाइट एका घराने सरकतात, चेकसम चुकतो, ब्लॉक पुन्हा मागवला जातो, आणि तो पुन्हा तसाच येतो.

बेसिकचे प्रोग्राम सुखरूप का येतात, हेही यातून उलगडते. कॉमोडोर बेसिकमधले शब्द एकेका बाइटच्या सांकेतिक रूपात साठवले जातात, पण २५५ हा संकेत फक्त पायच्या चिन्हाला दिलेला आहे आणि ते चिन्ह क्वचितच वापरले जाते. खेळांमधल्या चित्रांत मात्र आठही ठिपके भरलेली ओळ म्हणजेच २५५. अशा ओळी चित्रांत जागोजागी असणार.

मोठ्या मजकूर-फाइलीत तर २५५ कुठेच नसेल, तरी ती अडकली, आणि माझ्या मते हाच सर्वांत भक्कम पुरावा आहे. ब्लॉकचा क्रमांकही एका बाइटमध्ये पाठवला जातो आणि तो १ पासून सुरू होतो, म्हणून २५५व्या ब्लॉकचा क्रमांक स्वतःच २५५ हा बाइट असतो. त्याआधीचे २५४ ब्लॉक म्हणजे ३२,५१२ बाइट. आपली फाइल तिथेच थांबली असणार.

आपल्या मोडेमच्या फर्मवेअरमध्ये (त्याच्या चिपमधल्या प्रोग्राममध्ये) टेलनेट हाताळण्याची सोय आहे का ते पुस्तिकेत पाहावे. काही फर्मवेअरांत ती ‘एटीनेट १’ या आज्ञेने चालू होते. मात्र ज्या सर्व्हरवर टेलनेट नसून साधी टीसीपी जोडणी आहे, तिथे हीच सोय बंद ठेवावी लागते, नाहीतर मोडेम फाइलीतल्या खऱ्या २५५ बाइटांवरही टेलनेटचे नियम लावू लागेल.

निळापडदा (मिसिसागा, कॅनडा)

आपले मनापासून आभार. टेलनेटची सोय बंद होती. ती चालू करताच अडकणारे खेळ पूर्ण उतरले आणि ती मजकूर-फाइलही ३२ केबीची हद्द ओलांडून शेवटपर्यंत आली.

आता एक निराळा प्रकार दिसतो. ४९१५२ या पत्त्यावर बसणारा, ४ केबीचा एक मशीन लँग्वेज प्रोग्राम एकाही ब्लॉकची चूक न दाखवता आला, पण तो लोड होताच पडद्याची कड आणि पार्श्वभूमी फिकट लाल होते आणि अक्षरे विस्कटतात. चेकसम जुळत असताना फाइल चुकीची कशी असू शकते?

जुनीडिस्क (टोरोंटो, कॅनडा)

आपण मूळ फाइलीपेक्षा लांब फाइल लोड करत आहात. चेकसम फक्त एवढेच सांगतो की पाठवणाऱ्याने जे पाठवले ते जसेच्या तसे पोहोचले. पाठवणाऱ्याने शेवटी काय जोडले होते, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. एक्समोडेमला १२८ पेक्षा लहान ब्लॉक पाठवता येत नाही, म्हणून शेवटचा ब्लॉक अपुरा असेल तर तो सहसा २६ या बाइटने भरून काढला जातो. सीपी/एममध्ये मजकूर-फाइलीचा शेवट त्याच बाइटने दाखवत असल्यामुळे तिथे त्याचा त्रास नव्हता.

आपल्या प्रोग्रामचा हिशेब करून पाहा. ४ केबी म्हणजे ४,०९६ बाइट, आणि कॉमोडोरच्या प्रत्येक प्रोग्राम-फाइलीच्या सुरुवातीला लोड करण्याचा पत्ता सांगणारे २ बाइट असतात, म्हणून एकूण ४,०९८. बत्तीस ब्लॉक भरून २ बाइट उरतात, त्यांच्यासाठी तेहतिसावा ब्लॉक लागतो, आणि त्यात १२६ बाइट भरतीचे येतात. प्रोग्रामची शेवटची खरी जागा ५३२४७ आहे आणि ५३२४८ पासून व्हीआयसी-२ या पडदा सांभाळणाऱ्या चिपची रजिस्टरे, म्हणजे तिला सूचना देण्याच्या जागा, सुरू होतात. भरतीचे सगळे २६ तिथे लिहिले गेले. रंगाच्या रजिस्टरात त्या २६ मधले खालचे चार बिट धरले जातात, त्यांची किंमत १०, आणि कॉमोडोर ६४ वर १० क्रमांकाचा रंग फिकट लाल आहे. अक्षरांचे आकार कुठून वाचायचे हे ठरवणाऱ्या रजिस्टरातही २६ गेल्यामुळे अक्षरे विस्कटली.

माझा आग्रह असा आहे की कॉमोडोरच्या बोर्डांवर प्रोग्राम उतरवताना पंटर प्रोटोकॉल वापरावा. तो आपल्याच भागातला आहे: टोरोंटो परिसरातील स्टीव्ह पंटर यांनी कॉमोडोर यंत्रांसाठीच तो रचला, आणि त्याचा सी१ हा प्रकार पुढे उत्तर अमेरिकेतील कॉमोडोर बोर्डांवर रुळला. त्यात फाइल प्रोग्राम प्रकारची आहे की सिक्वेन्शियल (क्रमाने वाचायच्या माहितीची), हे आधीच कळवले जाते. ब्लॉकची लांबी बदलती असल्यामुळे भरती लागत नाही आणि फाइल मूळ लांबीचीच राहते. शिवाय प्रत्येक ब्लॉकवर दोन स्वतंत्र चेकसम असतात: एक साध्या बेरजेचा, दुसरा बिट फिरवत काढलेला. एक्समोडेमच्या साध्या बेरजेत दोन बाइटांची अदलाबदल झाली तर ती पकडली जात नाही. बिट फिरवणाऱ्या चेकसमला बाइटांच्या क्रमातला फरकही दिसतो. सीसीजीएमएसमध्ये पंटर आहेच, समोरच्या बोर्डावरही तोच निवडायचा.

एक्समोडेम वापरणे भागच पडले, तर पूर्ण फ्लॉपीची डी६४ प्रतिमा मागवावी. ती १,७४,८४८ बाइटांची, म्हणजे बरोबर १,३६६ ब्लॉकांची असते आणि भरतीला जागाच उरत नाही. मात्र १५४१ च्या फ्लॉपीवर ६६४ मोकळे ब्लॉक, प्रत्येकी २५४ बाइटांचे, म्हणजे १,६८,६५६ बाइटच मावतात. त्यामुळे अशी फाइल ठेवायला एसडी कार्डावर चालणारा ड्राइव्ह लागेल.

टोरोंटो पेट युजर्स ग्रुप हा कॉमोडोर वापरणाऱ्यांचा जुना मंडळ-समूह आजही सक्रिय आहे. मिसिसागाहून त्यांच्याशी संपर्क ठेवणे आपल्याला सोपे जाईल, आणि त्यांच्या डिस्क-संग्रहाची कीर्ती सार्थ आहे.

निळापडदा (मिसिसागा, कॅनडा)

पंटरने तोच प्रोग्राम उतरवला आणि तो निर्दोष चालला. आता वेगाविषयी विचारतो. मोडेम ९६०० बॉडने बोलू शकतो, तर १२०० वरच थांबण्याचे कारण काय? आणि झेडमोडेम अधिक वेगवान आहे असे सर्वत्र वाचतो, तो इथे उपयोगी पडेल का?

बाइटमोजणी (पुणे)

कॉमोडोर ६४ मध्ये सिरियल जोडणीसाठी स्वतंत्र चिप नाही. येणारा प्रत्येक बिट कधी वाचायचा हे कर्नल, म्हणजे रॉममधला मूळ प्रोग्राम, टायमर आणि इंटरप्ट (चालू काम थांबवून प्रोसेसरचे लक्ष वेधणारा इशारा) यांच्या साहाय्याने ठरवतो. आपल्याकडच्या एनटीएससी, म्हणजे उत्तर अमेरिकी टीव्ही पद्धतीच्या, यंत्राचा वेग सेकंदाला सुमारे १०,२२,७२७ आवर्तने आहे. २४०० बॉडला एका बिटमागे सुमारे ४२६ आवर्तने मिळतात, ९६०० बॉडला जेमतेम १०६. त्यातच अक्षरांची नवी ओळ रंगवताना व्हीआयसी-२ चिप प्रोसेसरला ४० किंवा त्याहून थोडी अधिक आवर्तने थांबवून ठेवते. एवढ्या अरुंद जागेत मूळ कर्नलला बिट वाचणे जमत नाही. यूपी९६०० या पद्धतीने युजर पोर्टच्या तारा वेगळ्या जोडून सीआयए या जोडण्या सांभाळणाऱ्या चिपच्या शिफ्ट रजिस्टरकडे (एकेक बिट गोळा करून बाइट बनवणाऱ्या भागाकडे) काम सोपवले, किंवा ६५५१ चिप असलेली स्विफ्टलिंकसारखी कार्ट्रिज लावली, तर वेग वाढतो. मोडेमची आणि टर्मिनल प्रोग्रामची अशी तयारी असेल तरच ९६०० वर जावे.

दुसरी मर्यादा डिस्कची आहे, आणि झेडमोडेमच्या प्रश्नाचे उत्तर तिथेच आहे. १५४१ ज्या सिरियल बसवर बोलतो तिचे काम वेळेच्या दृष्टीने नाजूक असल्यामुळे, ड्राइव्हशी बोलण्याआधी कर्नल मोडेमचे इंटरप्ट बंद करतो. त्या काळात मोडेमकडून आलेला बाइट कोणी उचलत नाही. एक्समोडेम आणि पंटर हे दोन्ही प्रोटोकॉल प्रत्येक ब्लॉकनंतर होकाराची वाट पाहत थांबतात, म्हणून तेवढ्या वेळात डिस्कवर लिहून घेता येते. हे थांबणे इथे अत्यंत गरजेचे आहे. झेडमोडेमचा वेगच मुळी न थांबता पाठवत राहण्यातून येतो.

तिसराशेल (ठाणे)

झेडमोडेमबद्दल थोडी भर घालतो, कारण महाराष्ट्रातल्या अनेकांची ओळख त्याच्याशी आधी झाली आहे. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, त्यानंतर विद्यार्थ्यांना केवळ मजकुराचे, शेल प्रकारचे खाते मिळत असे. त्यात फाइल आधी सर्व्हरवरच्या आपल्या खात्यात यायची आणि तिथे ‘एसझेड’ ही आज्ञा दिली की झेडमोडेमने घरच्या पीसीवर उतरायची. चक फोर्सबर्ग यांनी १९८६ मध्ये रचलेल्या या प्रोटोकॉलची मोठी सोय अशी की फोन मधेच तुटला तरी पुढच्या वेळी फाइल तुटल्या जागेपासून सुरू होते. पण तेव्हाच्या पीसीत सिरियल पोर्टसाठी स्वतंत्र चिप होती, हार्डडिस्क होती आणि बफरला भरपूर जागा होती. झेडमोडेममध्ये पाठवणाऱ्याला ठरावीक अंतराने थांबवण्याचीही सोय आहे, परंतु ती वापरली की १५४१ वर त्याचा वेगाचा फायदा बराचसा उरत नाही.

फाइल खरोखर जशीच्या तशी आली का, हे तपासायचे असेल तर ती पंटरनेच पुन्हा बोर्डाकडे पाठवावी, तिथून पीसीवर घ्यावी आणि मूळ प्रतीशी बाइटवार ताडून पाहावी. पीसीकडचा टप्पा एक्समोडेमने करू नये, नाहीतर तिथेच पुन्हा भरती जोडली जाईल आणि दोष कॉमोडोरकडचा असल्याचा भास होईल.