यादी किती मोठी, हे शेवटी विचारा
आपली वस्तू दुसऱ्या कुणाच्या ईमेल यादीतल्या वाचकांना कमिशनवर विकायची असेल, तर "ज्याची यादी मोठी त्याला आधी गाठा" असं कुणी कुणी म्हणतं, ते काही पटलं नाही. यादीवाल्याला विक्रीतलं निम्मं कमिशन द्या हवं तर, पण आधी त्याच्या मागच्या दोन-तीन मेलमधल्या लिंकवरचे क्लिक बघायला मागा. नुसता ओपन रेट, म्हणजे किती टक्के लोकांनी मेल उघडला तो आकडा, दाखवला तर भुलू नका. २०२१ पासून ॲपलच्या मेल ॲपमध्ये प्रायव्हसीची सोय चालू असली की मेलमधली चित्रं आपोआप आधीच उतरवली जातात, आणि चित्र उतरलं की मेल उघडला असं धरलं जातं, त्यामुळे न वाचलेला मेलही उघडलेला म्हणून मोजला जातो.

आणि यादी आपल्या हातात मागूच नये. मेल त्यानेच पाठवायचा, आपण फक्त त्याच्यासाठी वेगळी लिंक काढून द्यायची, म्हणजे त्याच्याकडून किती विक्री झाली ते कळतं. आमच्या एका ऑफरला छोट्या यादीवाल्याने "मी हे वापरतो, पण अमुक ठिकाणी अडतं" अशा चार ओळी स्वतःच लिहिल्या. आमचा मजकूर जसाच्या तसा चिकटवणाऱ्या बड्या यादीपेक्षा विक्री तिथूनच जास्त झाली.