ब्रिटिश पासपोर्टवर निवृत्तीनंतर फ्रान्स: दोर्दोन्यला घर घ्यावं का?

मेडवेकाठचा

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं मूळचे साताऱ्याचे, पण सगळी नोकरी केंटमध्ये झाली. पासपोर्ट ब्रिटिश, सोबत ओसीआय. मी ६६, कौन्सिलमधून निवृत्त, स्टेट पेन्शन सुरू झालंय. सौ. ६१, ती पुढच्या वर्षी काम थांबवणार. मुलगी एकच, मँचेस्टरला असते.

सुट्टीत दोन-तीनदा दोर्दोन्यला (नैऋत्य फ्रान्समधला जिल्हा) गेलो आणि तिथली दगडी घरं डोक्यातून जात नाहीत. इथलं घर विकलं तर तिथे घर, बाग आणि वर शिल्लक असं गणित दिसतंय. पण ब्रेक्झिटनंतर नक्की काय करता येतं, कर कुठे भरायचा, डॉक्टरचं काय, हे प्रत्येक जण वेगळंच सांगतो. सौ.चा प्रश्न याहून सरळ आहे: "आजारी पडले तर मी कोणाशी कुठल्या भाषेत बोलू?" फ्रेंच आमचं बाजारापुरतं. तिथे प्रत्यक्ष राहणाऱ्यांनी सांगावं, ही विनंती.

---

गारोनकाठी

काका, मी तुलूझला नोकरी करतो. व्हिसा आणि कर एवढंच सांगतो, बाकी इथे अनुभवी मंडळी आहेत.

घर घेतल्याने राहण्याचा हक्क मिळत नाही. व्हिसाशिवाय कुठल्याही १८० दिवसांत ९०च दिवस, तेही संपूर्ण शेंगेन (आपसात सीमा-तपासणी नसलेले युरोपीय देश) मिळून. पूर्वी शिक्के बघून कोणीतरी बोटं मोजायचं. ऑक्टोबर २०२५ पासून ठसे आणि फोटो घेऊन संगणकच मोजायला लागलाय. कायम राहायचं तर ब्रिटनमधूनच 'व्हिजितर' प्रकारचा दीर्घ मुदतीचा व्हिसा काढायचा. उत्पन्न साधारण इथल्या किमान वेतनाइतकं दाखवावं लागतं आणि इथे काम करणार नाही असं लिहून द्यावं लागतं. काकूंनी "घरबसल्या दोन दिवस केंटचं काम करते" असं मनात आणू नये. पोचल्यावर तीन महिन्यांत व्हिसा ऑनलाइन वैध करायचा, मग दरवर्षी प्रिफेक्चरकडे (जिल्ह्याची सरकारी कचेरी) नूतनीकरण. पाच वर्षांनी दहा वर्षांचं कार्ड मागता येतं.

कर: इथलं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, तुमचं ६ एप्रिलपासून. म्हणजे पी६० चा (ब्रिटनमधला वर्षाच्या उत्पन्न-कराचा दाखला) आकडा जसाच्या तसा उतरवता येत नाही, महिन्यांची जुळवाजुळव करावी लागते. तुमचं कौन्सिलचं पेन्शन सरकारी नोकरीचं असल्याने ब्रिटन-फ्रान्स कर-करारानुसार ब्रिटनमध्येच करपात्र. फ्रान्समध्ये दाखवायचं, पण त्यावर दुसऱ्यांदा कर बसत नाही. स्टेट पेन्शनवरचा कर मात्र फ्रान्समध्ये. आयसाला (ब्रिटनचं करमुक्त बचत खातं) इथे कोणी ओळखत नाही, त्यावरचं व्याज साध्या व्याजासारखंच.

आणि मराठी माणूस हमखास अडकतो ती जागा म्हणजे फॉर्म ३९१६. फ्रान्सबाहेरचं प्रत्येक बँक खातं दरवर्षी जाहीर करायचं. ब्रिटनमधली तर आलीच, पण साताऱ्याच्या सहकारी बँकेत वडिलांनी उघडून दिलेलं, आठशे रुपये पडून असलेलं खातंही. एनआरओ, एनआरई सगळं. न दाखवलेल्या प्रत्येक खात्यामागे १,५०० युरो दंड होऊ शकतो. निघण्याआधी जी बंद करता येतील ती बंद करून टाका.

---

मिरजेची_वैशाली

भाऊंनी व्हिसा आणि कर नीट सांगितलाय. मी २०१७ पासून रिबेराकच्या बाजूच्या एका खेड्यात राहते. आम्ही ब्रेक्झिटआधी आलो म्हणून आमच्याकडे माघार-कराराखालचं कार्ड आहे. ३१ डिसेंबर २०२० च्या आत जे इथे राहायला होते, ते कार्ड त्यांच्यासाठीच होतं. तेव्हा एखाद्या इंग्रज शेजाऱ्याने "छे, काही लागत नाही, आम्ही असेच आलो" म्हटलं तर हसून ऐका आणि सोडून द्या.

माझं सांगणं एवढंच की घर शेवटी बघा. सगळे उलटं करतात. जाहिरातीतलं दगडी घर, निळ्या खिडक्या आणि अक्रोडाचं झाड बघून सौदा होतो, आणि मग कळतं की पंचवीस किलोमीटरच्या टापूत एकही डॉक्टर नवीन पेशंट घेत नाही. हे अतिशयोक्तीने नाही सांगत. डॉक्टरांचा तुटवडा ही इथल्या खेड्यांची रोजची रड आहे, आणि नगराध्यक्षांच्या निवडणुकीतही तोच विषय असतो. इथे एक डॉक्टर 'आपला' म्हणून नोंदवावा लागतो. नोंदवलेला असेल तर ३० युरोच्या फीवर सत्तर टक्के परत मिळतात (वर दोन युरो कापतात), नसेल तर तीसच टक्के. उरलेल्यासाठी 'म्युत्युएल' नावाचा पूरक विमा सगळेच काढतात. म्हणून आधी गावं ठरवा, तिथल्या दवाखान्यांना फोन करून "नवे पेशंट घेता का?" एवढंच विचारा, आणि "हो" जिथून येईल तिथे घर शोधा.

तुमचं स्टेट पेन्शन सुरू आहे ही मोठी जमेची बाजू. एनएचएसच्या परदेशी आरोग्यसेवा विभागाकडून (ओव्हरसीज हेल्थकेअर सर्व्हिसेस) एस१ फॉर्म मागवा. तो इथल्या आरोग्य विमा कचेरीत दिला की उपचारांचा खर्च ब्रिटन सोसतं आणि पेन्शनवर इथला सामाजिक अधिभार लागत नाही. वहिनी काम करत नसतील तर तुमच्यावर अवलंबून म्हणून त्यांचंही नाव त्यात घालता येतं. 'कार्त व्हिताल' (आरोग्य विम्याचं कार्ड) हातात यायला मात्र महिने जातात. तोवर प्रत्येक पावती जपून ठेवा, औषधाच्या दुकानाचीसुद्धा.

आता वहिनींसाठी खास. फ्रान्समध्ये बाईची ओळख जन्मनावाने असते, लग्न कितीही जुनं असो. आणि आपल्याकडे लग्नात आडनावच काय, नावही बदलायचे! मी जन्माने कुसुम, लग्नात वैशाली झाले. पासपोर्टवर वैशाली, जन्मदाखल्यावर कुसुम, आणि कचेरीतल्या बाई विचारतात की या दोन बायका कोण. शिवाय आपल्या वयाच्या कित्येकींच्या जन्मनोंदीत नावच नाही, नुसतं "मुलगी" आणि बापाचं नाव. ब्रिटनने आयुष्यात कधी जन्मदाखला मागितला नाही म्हणून कुणाला पत्ताच नसतो. इथे आरोग्य विम्याचा कायमचा नंबर पाडायलाच तो लागतो, आईवडिलांच्या नावांसकट. तेव्हा नगरपालिकेत आधी नावाची नोंद करून घ्या, नव्या नमुन्यातला मराठी-इंग्रजी दाखला काढा, त्यावर मंत्रालयाचं साक्षांकन आणि परराष्ट्र खात्याचं अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरावा म्हणूनचा शिक्का) घ्या. लग्नाचा दाखला तसाच. नावबदलाचं राजपत्र असेल तर सोन्याहून पिवळं. भाषांतर फ्रेंच न्यायालयाच्या यादीतल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच करायचं, ओळखीच्या कॉलेजातल्या मॅडमकडून नाही.

घराविषयी थोडंच. प्राथमिक करारावर सही झाल्यावर खरेदीदाराला दहा दिवस मिळतात, त्यात कारण न देता माघार घेता येते. मग नाही. नोतेरची (खरेदीखत करणारा सरकारमान्य वकील) फी आणि कर मिळून जुन्या घरावर सात-आठ टक्के जातात. खेड्यात बहुतेक घरांना सेप्टिक टँक असतो आणि विक्रीच्या वेळी त्याचा तपासणी-अहवाल द्यावाच लागतो. "नियमात बसत नाही" असं त्यात असेल तर वर्षभरात दुरुस्त करण्याची जबाबदारी तुमची, आणि ते काम हजारोंत जातं. तेवढं किमतीतून पाडून मागा, लोक देतात. वारशाचा कायदाही वेगळा आहे. एकच अपत्य असेल तर मालमत्तेचा अर्धा भाग त्याच्यासाठी राखीव, म्हणजे तुमच्या पश्चात घर आपोआप पूर्ण वहिनींचं होईल असं धरून चालू नका. २०१५ पासून आपल्या नागरिकत्वाच्या देशाचा कायदा मृत्युपत्रात निवडता येतो, पण २०२१ मध्ये फ्रान्सने त्याला पाचर मारलीय. नोतेरला सहीच्या आधी विचारा, नंतर त्याच्याही हातात फार राहत नाही.

वीज ठरावीक क्षमतेची घ्यावी लागते. जुन्या घरात बहुधा ६ केव्हीए असते. केंटहून आणलेली तीन किलोवॅटची किटली, ओव्हन आणि एक हीटर एकदम लावला की घर अंधारात. पाण्याचा बंब रात्रीच्या स्वस्त दरात तापतो, त्याची वेळ बदलायला जाऊ नका. धुराडं वर्षातून एकदा साफ करून त्याची पावती ठेवा. आग लागली तर विमावाले पहिली तीच मागतात.

खाण्याची काळजी नको. ज्वारी इथे नैऋत्येत पिकते, सेंद्रिय दुकानात पीठ मिळतं. मात्र जुनं असलं तर भाकरी थापताना चिरते, म्हणून तारीख बघून घ्या. बेसन मिळतं. 'फ्रोमाज ब्लां' (दह्यासारखं मऊ ताजं चीज) रात्रभर फडक्यात टांगलं की श्रीखंडाचा चक्का तयार, आणि हे मी मिरजेच्या माणसांना खाऊ घालून सांगतेय. तूप मात्र फोकस्टनहून गाडीत घालून आणू नका. २०२१ पासून ब्रिटनमधून दूध-मांसाचे पदार्थ युरोपात आणायला बंदी आहे, आणि एप्रिल २०२५ पासून इथलं चीज तिकडे न्यायलाही. लेकीसाठी चीज न्यायचा बेत असेल तर तोही गेला.

---

स्टॉकपोर्टचा_सदा

एवढी कागदं गोळा करण्यापेक्षा पुण्याला फ्लॅट घ्या की! भाषा आपली, डॉक्टर कोपऱ्यावर, कामाला बाई.

---

मिरजेची_वैशाली

सदाभाऊ, पुण्याला गेलं की स्टेट पेन्शन गोठतं. ज्या दिवशी जाल त्या दिवसाचा आकडा मरेपर्यंत. फ्रान्समध्ये ते ब्रिटनसारखंच दर एप्रिलला वाढतं. वीस वर्षांचा हिशेब करून बघा, मग बोलू. (हिवाळ्याच्या इंधनाचे पैसे मात्र फ्रान्सला २०१५ पासून बंद आहेत, ते धरू नका.)

---

शारांतहून_परत

दुसरी बाजूही असावी म्हणून लिहिते. आम्ही शेजारच्या शारांतमध्ये राहून लेस्टरला परत आलो. भांडण कुणाशीच नाही, माणसं चांगली होती. शेजारी टोमॅटो आणून द्यायचे आणि नगरपालिकेतल्या बाईंनी आमचे अर्धे फॉर्म भरून दिले.

यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि गाडी बंद झाली. मी कधी उजव्या बाजूने चालवलीच नव्हती. गावातली बस शाळेच्या दिवशी सकाळी एक आणि संध्याकाळी एक. बारा ते दोन सगळं बंद, सोमवारी बेकरीही बंद. नोव्हेंबर ते फेब्रुवारी रस्त्यावर शिकारी आणि कुत्रे सोडले तर माणूस दिसत नाही. उन्हाळ्यात ज्यांच्याबरोबर अंगणात जेवायचो ते इंग्रज तर सप्टेंबरातच घरी जायचे.

भाषेबद्दल सौ. विचारतायत ते बरोबरच आहे. समोरासमोर हातवारे करून निभतं. फोनवर नाही. हॉस्पिटलमधून अपॉइंटमेंट बदलल्याचा फोन आला की मी लेकीला लेस्टरला फोन लावायची, तिचं शाळेतलं फ्रेंच. म्हणून माझं मत: खेडं नको. रेल्वे स्टेशन असलेलं गाव घ्या, बाग छोटी मिळाली तरी चालेल. आणि वहिनींनी केंटमध्ये असतानाच तिथली गाडी चालवायची सवय करावी, दोघांनी चालवलीच पाहिजे.

---

मेडवेकाठचा

सर्वांचे आभार. सौ.ने वैशालीताईंचं उत्तर दोनदा वाचलं. तीही जन्माने वेगळीच आहे, आणि तिचा जन्मदाखला आम्ही कोणीच पाहिलेला नाही. पेरिगो किंवा बेर्जराक शहरातच बघावं असं आता वाटतंय, दोन्हीकडे स्टेशन आहे. लायसन्सचं काय? माझं जुनं आहे.

---

गारोनकाठी

१ जानेवारी २०२१ च्या आधी मिळालेलं असेल तर मुदत संपेपर्यंत चालतं. बदली मुदत संपायच्या आधीच्या सहा महिन्यांत, ऑनलाइन. मुदत उलटू देऊ नका, कारण फ्रान्सचे रहिवासी झाल्यावर ब्रिटन नूतनीकरण करत नाही, त्यांना तिकडचा पत्ता लागतो. तुमचं उशिरात उशिरा ७० व्या वर्षी संपेल, पण फोटोकार्डवरची तारीख त्याआधीची असू शकते. म्हणजे त्या तारखेच्या सहा महिने आधी कॅलेंडरवर खूण करा. एकदा फ्रेंच लायसन्स मिळालं की वयाची अट नाही, फक्त पंधरा वर्षांनी कार्ड बदलायचं.

---

मिरजेची_वैशाली

बेर्जराक बरं. बोर्दोला गाडी जाते, विमानतळ आहे, आणि दक्षिणेला थोड्या अंतरावर एमे. तिथे गुरुवारी बाजार भरतो, इंग्रज इतके की क्रिकेट क्लबसुद्धा आहे. बाजारात जा, पण मंडळ तिथलंच ठेवू नका, फ्रेंच कधीच येणार नाही. नगरपालिकेकडून फ्रेंचच्या वर्गांची चौकशी करा, बऱ्याच ठिकाणी स्थानिक संस्था नाममात्र पैशात घेतात.

आणि वहिनींच्या दाखल्याचं: साताऱ्यात नगरपालिकेत खेटे घालील असा एखादा भाचा-पुतण्या आहे का? असेल तर त्याला याच आठवड्यात पाठवा. जन्मगाव वेगळं असेल तर नोंद तिथल्या ग्रामपंचायतीत किंवा तहसीलच्या जुन्या रजिस्टरात असेल. पहिल्यांदा माहेरचं तालुक्याचं गाव नक्की कुठलं ते वहिनींच्या थोरल्या भावाला विचारून घ्या. बाळंतपण आजोळी झालं असेल तर दाखला आजोळच्या गावात शोधावा लागेल.