सिस्टरनं आईला विचारलेला प्रश्न

कुणीतरी म्हटलंय, ‘नातेवाइकांची गर्दी हाच सरकारी दवाखान्याचा खरा आजार’. गर्दी होते, मान्य. पण आमच्या मराठवाड्यात रक्ताचा नमुना लॅबला पोचवणारा, स्ट्रेचर ढकलणारा तोच नातेवाईक असतो. फक्त त्याला कुणी काही समजावून सांगत नाही, एवढंच.

बाबांना इन्सुलिन (मधुमेहाचं इंजेक्शन, ते थंड ठेवावं लागतं) सुरू झालं, तेव्हा एका दवाखान्यात इंग्रजी कागद हातात देऊन मोकळे झाले. दुसरीकडच्या सिस्टरनं मात्र आईला समोर बसवलं. “मावशी, हे ठेवणार कुठं?” आई म्हणाली, “शेजारच्या फ्रीजात. पण लाईट कुठं ऱ्हाते?” मेमध्ये आमच्याकडं पारा ४२च्या वर. सिस्टरनं सांगितलं: दोन मडकी, एकात एक, मधे ओली वाळू, इन्सुलिनची बाटली झाकणाच्या डब्यात घालून आतल्या मडक्यात, म्हणजे फ्रीजशिवायही थंड राहते. मग आईकडूनच सगळं परत वदवून घेतलं. पाच मिनिटं लागली असतील.

आणि हो, २०२१ पासून राज्यातल्या खाजगी नर्सिंग होमना रुग्ण हक्कांची सनद, म्हणजे रुग्णाच्या हक्कांची यादी, दर्शनी भागात लावणं नियमानं बंधनकारक आहे. पुढच्या वेळी गेलात की भिंतीवर शोधा. मला एकदा ती कॅलेंडरमागं सापडली होती.